आफ्रिकेतली जनावरे आणि माझ्या रानातली तार

चारठाण्याचा एक कोरडवाहू शेतकरी बायकोला घेऊन आफ्रिकेत गेला आणि १९ दिवस जनावरे नि पाखरे पाहत हिंडला, हे वाचून तुम्हांला हसू येईल. आमच्या गावातही हसले. "जनावरं बघायला आफ्रिकेत कामून जाता? रात्री तुमच्याच रानात जाऊन बसा की," असे पारावर एकाने सुनावले. त्याचे काही खोटे नव्हते. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या शिवारात रानडुकरांना, रोह्यांना आणि हरणांना तोटा नाही. पेरले की उकरतात, उगवले की खुडतात आणि पीक निसवले की लोळवून टाकतात. तुमच्याकडेही यापेक्षा वेगळे नसेल.

जाण्याआधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढचे सांगता येणार नाही. ती सांगायची माझी इच्छा नव्हती. पण सौ. म्हणाली, "ते टाळून बाकीचं लिहायचं असेल तर लिहूच नका."

२०२१ च्या रब्बीत माझी दोन एकर ज्वारी हुरड्यात आली होती. एका रात्रीत डुकरांनी अर्धा एकर आडवी केली. दुसऱ्या दिवशी मी बांधाच्या कडेने खुंट्या ठोकल्या, बारीक तार ओढली, आणि रात्री लाइनीवर आकडा टाकून तारेत करंट सोडला. तीन रात्री काही झाले नाही. चौथ्या रात्री शेजाऱ्याचा बैल दावे तोडून माझ्या रानात आला. त्याला शोधायला शेजाऱ्याचा बारा वर्षांचा पोरगा बॅटरी घेऊन निघाला. बॅटरीच्या उजेडात त्याला आधी पडलेला बैल दिसला, म्हणून तो तिथेच थांबला. तारेपासून दहा पावलांवर.

बैलाचे पैसे मी दिले. शेजाऱ्याने ते घेतले, पण मोजले नाहीत. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. बांधाला बांध लागून, दोघांची विहीर एकाच वाटेवर, आणि बोलणे नाही. असे दिवस कसे जातात ते ज्याचे त्याला कळते.

आमचा मुलगा नैरोबीला एका औषधाच्या कंपनीत नोकरीला आहे. नैरोबी ही केनिया देशाची राजधानी. "एकदा तुम्ही दोघं या, मी सुट्टी काढतो, जीपनं सगळं दाखवतो," असा त्याचा फार दिवसांचा हट्ट होता. २०२४ च्या जानेवारीत तूर घरात आली, आणि रब्बीची ज्वारी वाटेकऱ्याच्या भरवशावर टाकून आम्ही निघालो. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा तिकडे असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान १० दिवस आधी टोचून घ्यावी लागते आणि तिचे कार्ड जवळ ठेवावे लागते. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात. खर्च मुलाने केला. किती झाला ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तिकडे प्रवासाला सफारी म्हणतात. शब्द मूळचा अरबीतला, म्हणजे आपली सफरच. त्यांच्या स्वाहिली बोलीत मोटारीला 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', चहाला 'चाय'. चपाती तर चपातीच. सौ. दोन दिवसांत बाजारात एकटी भाजी घेऊ लागली. मी मात्र मुलाचा हात सोडला नाही.

जीपमध्ये आम्ही तिघे आणि एक वाटाड्या. माणूस वयाने मुलापेक्षा थोडा मोठा, पाखरांचा नादी. हिंदी सिनेमे पाहून त्याला थोडे हिंदी येत होते. बाकीचे तो मुलाला इंग्रजीत सांगे आणि मुलगा आम्हांला. नैरोबीहून नाकुरूला गेलो. तिथल्या खाऱ्या तळ्यावर लाखो रोहित पक्षी बसतात अशी ख्याती ऐकली होती. पण गेल्या काही वर्षांत तळ्याचे पाणी इतके वाढले की बरेचसे रोहित दुसऱ्या तळ्याकडे, बोगोरियाला, निघून गेले. कडेने थोडे होते. पैठणपासून उजनीपर्यंत आपल्याकडच्या धरणांवर हेच पाखरू हिवाळ्यात उतरते, तेव्हा मला त्याचे फारसे नवल वाटले नाही. गेंडा पाहिला तेव्हा मात्र खरोखरच दबकलो. चिखलात बसलेली म्हैस समजून मी बोट दाखवले आणि ती म्हैस उठून उभी राहिली.

मसाई माराचे सिंह, जिराफ, पाणघोडे तुम्ही चित्रांत पाहिले आहेत. ते तसेच असतात. मला तिथे जास्त पाहावेसे वाटले ते मसाई लोकांचे गोठे. हे लोक आपल्या धनगरांसारखे गुराढोरांवर जगणारे. वस्तीभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण, आत गाई, आणि बाहेर सिंह. आपण डुकराला रडतो! एका मसाई पोराची गोष्ट वाटाड्याने सांगितली. रिचर्ड तुरेरे त्याचे नाव. नैरोबीजवळच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून त्याचे घर. गुरे सांभाळायचे काम त्याच्याकडे, आणि सिंह रात्री गुरे नेत. त्याने आधी कंदील लावून पाहिला, बुजगावणे उभे करून पाहिले. सिंह दोन दिवसांत शहाणा झाला. मग पोराच्या ध्यानात आले की हातात बत्ती घेऊन माणूस फिरत असला की सिंह येत नाही. उजेड हलता पाहिजे. त्याने मोटारीची जुनी बॅटरी, मोटारसायकलीचा इंडिकेटर आणि बॅटरीचे दिवे जोडून कुंपणावर आळीपाळीने लुकलुकणारी माळ बसवली. सिंहाला वाटावे, कोणी तरी फिरते आहे. गोठा वाचला आणि सिंहही वाचले, कारण तोवर लोक सिंहांना विष घालीत किंवा भाल्याने मारीत. २०१३ साली त्या पोराला अमेरिकेत बोलावून मोठ्या सभेत भाषण करायला लावले. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर दुसराच एक पोरगा होता, बॅटरी घेऊन रानात उभा.

इसेबानियाला सरहद्द ओलांडून आम्ही टांझानियात शिरलो. रस्त्याच्या कडेला ज्वारीचे रान दिसले तेव्हा मी जीप थांबवायला लावली. कणीस आपल्यापेक्षा मोकळे, दाणा तांबूस, पण पान तेच, धाट तेच. मध्यभागी लाकडांचा माळा, माळ्यावर एक पोरगे डबा वाजवत बसलेले. मला वाटले, मी आपल्याच शिवारात आहे. तुम्हांला ठाऊक आहे का, ज्वारी ही मुळात आफ्रिकेचीच? सुदान-इथिओपियाकडून ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, नाचणी तिथल्या पूर्वेकडच्या डोंगरांतली. चिंचसुद्धा तिकडचीच म्हणतात. आपण जिला पिढ्यान्‌पिढ्या आपली भाकर समजतो तिचे माहेर हे.

पोरगे डबा वाजवत होते ते क्वेलिया नावाच्या पाखरासाठी. चिमणीएवढे, चोच लाल. जगात रानपाखरांमध्ये याच्याएवढी संख्या दुसऱ्या कोणाची नाही असे म्हणतात. थवा उतरला की ढग उतरल्यासारखा दिसतो. २०२३ च्या जानेवारीत केनियात किसुमूकडे या पाखरांनी सुमारे ३०० एकर भात फस्त केला, तेव्हा सरकारने औषध फवारून लाखो पाखरे मारायची मोहीम काढली. त्यात ससाणे, घुबडे आणि जमिनीतले किडे-मुंग्याही मरतात, असे पक्षीमित्रांचे म्हणणे. शेतकऱ्याचे म्हणणे वेगळे. मी कोणाच्या बाजूचा, ते मला तिथे उभ्या उभ्या ठरवता आले नाही.

सेरेंगेटी म्हणजे मसाई बोलीत न संपणारे माळरान. तिथे पोहोचलो तेव्हा सौ. ने विचारले, "बांध कुठंय?" बांध नाही, झाड नाही, विजेचा खांब नाही. हे राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या परभणीसारखे दोन जिल्हे आत घालून वर जागा उरेल. त्यावर गवत, आणि गवतावर वाइल्डबीस्ट. तोंड गाईसारखे, दाढी बोकडासारखी, शेपूट घोड्यासारखी आणि पाठीचा उतार आपल्या रोह्यासारखा. सुमारे १३ लाख जनावरे पावसामागे गवत शोधत वर्षभर गोल फिरत राहतात, बरोबर लाखोंनी झेब्रे. फेब्रुवारीच्या सुमारास ती दक्षिणेकडच्या आखूड गवतावर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक साऱ्या मादी व्यायतात. सगळी वासरे एकदम जन्मली म्हणजे वाघरांनी किती खाल्ली तरी पुष्कळ उरतात, असा हिशेब. गाईच्या बाळंतपणात मी रात्री जागवल्या आहेत. तिथे एक वासरू आमच्या देखत पडले, तीनदा कोलमडले, आणि पाच-सात मिनिटांत आईच्या मागे पळू लागले. सौ. च्या डोळ्यांत पाणी आले. मलाही काही बोलता येईना.

त्याच माळावर एक मोठे पाखरू मान वर करून संथ चालत होते. वाटाड्याने 'कोरी बस्टर्ड' असे नाव सांगितले. मी म्हणालो, हा तर माळढोक! तो म्हणाला, भाऊबंदच. याचा नर १५-१६ किलोंचा भरतो, आणि उडणाऱ्या पाखरांत याच्याइतके जड फार थोडे. आपला माळढोक माझ्या आजोबांनी आमच्या माळावर पाहिलेला, ते सांगत. त्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली अभयारण्य केले. आज साऱ्या महाराष्ट्रात तो शोधून सापडला तर सापडेल. माळ नांगरले गेले, शिकारी झाल्या, आणि उरलेले विजेच्या मोठ्या तारांवर आपटून मरतात. त्याचे डोळे बाजूला असतात, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. वाटाड्याने हे सांगितले आणि मुलाने त्याचे मराठी करून सांगितले. तारेचे नाव निघाले की मी गप्प बसतो, हे फक्त सौ. ला ठाऊक होते.

एक गोष्ट मात्र तिथल्या शोभेत विसरू नये. या माळावर पूर्वी मसाई गुरे चारत. १९५९ साली त्यांना सेरेंगेटीतून उठवून शेजारच्या न्गोरोंगोरोत राहायला सांगितले. आता २०२२ पासून तिथूनही शेकडो किलोमीटर दूर हलवण्याचे चालले आहे, आणि त्यावरून मोठी भांडणे आहेत. येलदरीच्या धरणात ज्यांची गावे गेली त्यांना हे समजावून सांगायला नको.

न्गोरोंगोरो म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर खचून झालेली परात. आम्ही लोणारला जाणारी माणसे, आम्हांला वाटले तसेच काही असेल. लोणारचे विवर उल्केने झाले आहे आणि पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद आहे. ही परात १८-१९ किलोमीटर रुंद, ६०० मीटर खोल, आणि तळाशी हत्ती, म्हशी, सिंह. म्हशींच्या पाठीवर गोचिड खाणारी पाखरे चढलेली, पायांशी आपलेच गायबगळे. तेच, जे माझ्या नांगरामागे चालतात.

पुढे अरुशा, मोशी करत किलिमांजारोच्या पायथ्याने परत केनियात आलो. डोंगर ढगात होता. १,००० मैल आलेल्या पाहुण्याला यजमानाने तोंड दाखवू नये तसे. मग वोई गावाजवळच्या सागल्ला नावाच्या वस्तीत पोहोचलो, आणि माझी खरी सफर इथे झाली असे मी समजतो.

सागल्लाला लागून त्सावोचे जंगल आहे. १८९८ साली याच त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजूर खाल्ले. त्या रेल्वेसाठी आपल्या देशातून ३०,००० हून अधिक मजूर नेले होते, आणि त्यांतले सुमारे २,५०० रोगराईने, अपघाताने तिथेच मेले. आज त्सावोची दोन उद्याने मिळून २२,००० चौरस किलोमीटरच्या वर भरतात. तांबड्या मातीत लोळून तिथले हत्ती विटकरी दिसतात. हे विटकरी हत्ती रात्री सागल्लाच्या रानांत येतात. मका, मूग, चवळी, ज्वारी. एका रात्रीत वर्ष संपते. पाण्याच्या टाक्या फोडतात. माणसेही मेली आहेत.

तिथे लुसी किंग नावाच्या बाईंनी गावकऱ्यांबरोबर एक कुंपण तयार केले आहे. दर १० मीटरवर दोन खांबांना मधमाश्यांची पेटी टांगायची आणि सगळ्या पेट्या एका तारेने एकमेकींना जोडायच्या. मधेमधे नुसत्या खोट्या फळ्या टांगल्या तरी चालते. हत्ती आत शिरायला गेला की तार ओढली जाते, पेट्या हलतात आणि माश्या बाहेर पडतात. हत्तीची कातडी जाड, पण सोंडेच्या आत आणि डोळ्यांजवळ माशी डसली तर त्याला सोसत नाही, म्हणून तो माशीचा आवाज ऐकला तरी मागे फिरतो. पीक भरात असताना आलेल्या हत्तींपैकी दहात आठ परत गेल्याची नोंद आहे. दुष्काळ पडला, फुले नसली की माश्या पेट्या सोडून जातात आणि कुंपण लुळे पडते, हेही तिथल्यांनी लपवले नाही. बाकी वर्षी मध विकून चार पैसे येतात.

ज्यांच्या रानात आम्ही गेलो त्या बाई पन्नाशीच्या, नवरा मुंबासाला कामाला. त्यांनी आम्हांला बाकावर बसवले, उकडलेला मका दिला. मग वाटाड्यामार्फत विचारले, "तुमच्याकडे हत्ती येतात का?" मी सांगितले, डुकरे येतात, रोही येतात. बाईंनी विचारले, "मग तुम्ही काय करता?"

मी मक्याच्या कणसाकडे पाहत राहिलो. सौ. म्हणाली, "सांगा तिला. तार लावली होती, करंटाची."

मुलाने चमकून माझ्याकडे पाहिले. त्याला आम्ही हे कळू दिलेच नव्हते. शेवटी त्यानेच ते इंग्रजीत सांगितले, वाटाड्याने स्वाहिलीत. बाईंनी एकच विचारले, "कोण मेलं?"

"बैल."

"कोणाचा?"

"शेजाऱ्याचा."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पोले." कोणाचेही दुःख ऐकले की तिकडे हा शब्द म्हणतात, असे वाटाड्याने सांगितले. तो त्या माझ्यासाठी म्हणाल्या की शेजाऱ्यासाठी, ते मी विचारले नाही. जीपमध्ये बसल्यावर मुलगा म्हणाला, "अण्णा, तो पोरगा तारेवर गेला असता तर?" मी म्हणालो, "मला रोज तेच दिसतं."

दुसऱ्या दिवशी त्सावोत हिंडताना सौ. एकदम ओरडली, "अहो, चातक!" काटेरी झुडपावर काळी पाठ, पांढरे पोट, पंखावर पांढरा ठिपका आणि डोक्यावर शेंडी. तोच. रोहिण्या सरत आल्या की आमच्या बांधावरच्या बाभळीत 'पियू पियू' करत येतो तो. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालून मोकळी होते, आणि सातभाई पोर वाढवतात. केसाळ अळ्या खातो, म्हणून शेतकऱ्याला उपयोगाचा. पावसाळ्याआधी हे पाखरू आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आपल्याकडे येते आणि पाऊस सरल्यावर परत जाते. "हा आपल्याकडचा का?" मी विचारले. वाटाड्या म्हणाला, काही इथेच राहणारे असतात, काही तुमच्याकडून आलेले. नुसते पाहून सांगता येत नाही. सौ. म्हणाली, "मला येतं." आणि त्याला हात केला.

फेब्रुवारी सरताना घरी आलो. वाटेकरी म्हणाला, डुकरांनी सात-आठ तासच लोळवले, बाकी ज्वारी शाबूत आहे. मी म्हणालो, शाबास. तो म्हणाला, "मी एकटा कुठं पुरणार? शेजारचे रोज रात्री माळ्यावर होते. डुकरं तुमच्या रानातून त्यांच्या रानात येतात ना."

संध्याकाळी तिकडची चहापत्ती घेऊन मी शेजाऱ्याच्या घरी गेलो. तीन वर्षांत त्या ओसरीवर पाय ठेवला नव्हता. त्याने घोंगडी सरकवली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "तिकडं म्हणे हत्ती येतो रानात. मग लोक काय करतात?" मी मधमाश्यांचे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आपल्या डुकराला माशी चावून काय व्हायचंय?" त्याचा पोरगा दारात उभा होता, आता पंधराचा, मिसरूड फुटलेला. तो हसला. मग आम्हीही हसलो.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मिळून झटका मशीन घेतले. तुमच्यात कोणी माझ्यासारखा आकडा टाकत असेल तर त्याने हे नीट ऐकावे. झटका मशीन बॅटरीवर चालते. ते क्षणभर झटका देते आणि थांबते, पुन्हा देते, पुन्हा थांबते. जनावर मागे सरकते, मरत नाही. लाइनीचा करंट थांबत नाही, धरलेल्याला सोडत नाही, आणि असा करंट तारेत सोडणे हा गुन्हा आहे. मशीन चांगल्या जागचे घ्यावे, तारेवर पाट्या लावाव्यात, खाली गवत वाढू देऊ नये. तरीही डुकरे एखाद्या रात्री येतातच. नुकसान झाले तर लगेच वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते. उशिरा मिळते, पण मिळते.

जुन्या तारेचे भेंडोळे तीन वर्षे गोठ्याच्या आढ्याला लटकत होते. ते मी भंगारवाल्याला दिले. त्याने वजन केले, सव्वातीन किलो भरले.

चातक मृगाच्या चार दिवस आधी आला. शेजाऱ्याच्या पोराने आधी ऐकला आणि बांधावरूनच मला हाक मारली.